कॅथॉलिक चर्च-संगीताच्या शाळा का निघाल्या, आणि त्यातलं सांगलीतल्या छोट्या वृंदाच्या कामाचं काय?

तुम्ही विचारलंय की सांगलीच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दहा-बारा जणांचा गायकवृंद बसवायचा आहे, पेटी-तबला आहे, शिकवणारं कुणी नाही. युरोपातल्या चर्च-संगीत शाळांचा इतिहास आणि हेतू काय, आणि त्यातलं इथे काय वापरता येईल.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या चर्चमध्ये ऑपेराचा ढंग शिरला होता. वेदीवर फादर थांबलेले, आणि वर सज्जात ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताच्या ताना संपत नाहीत, अशी गत. त्याविरुद्ध फ्रान्झ झेवियर विट यांनी १८६८ साली जर्मनीत संत सिसिलियाच्या नावाने संघ काढला, आणि त्याच चळवळीतल्या हाबर्ल यांनी १८७४ साली रेगेन्सबुर्गला चर्च-संगीताची शाळा उघडली. पाच वर्षांनी बेल्जियममध्ये मेखेलेनला ऑर्गनवादक लेमेन्स यांनी तशीच शाळा काढली. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी फर्मान काढून चर्चमधून पियानो, ढोल, झांजा बाहेर काढले आणि अशा शाळा जिथे नाहीत तिथे काढायला सांगितलं. रोमची वरिष्ठ शाळा १९११ साली सुरू झाली; आजची पोपची पवित्र संगीत संस्था ती हीच. (त्याच फर्मानात वृंदात बायकांना मनाई होती. पुढे ती उठली. नाहीतर आज किती धर्मग्रामांत वृंद उरला असता?)

शाळा म्हणून सगळं बरोबरच होतं असं नाही. रेगेन्सबुर्गने ज्या ग्रेगोरियन (चर्चचं जुनं, सगळ्यांनी एकच चाल गायचं लॅटिन गायन) पाठाचा प्रसार केला, तो सतराव्या शतकातल्या काटछाट केलेल्या चालींचा होता. फ्रान्समधल्या सोलेम मठातल्या साधूंनी जुनी हस्तलिखितं ताडून पाहिली आणि मूळ चाली पुढे आणल्या. रोमने १९०८ साली छापलेलं अधिकृत पुस्तक त्या कामावर उभं आहे.

या शाळांत ग्रेगोरियन गायन, बहुस्वरी वृंदगान, ऑर्गन, वृंदसंचालन यांच्याबरोबर उपासनाशास्त्रही असतं, आणि तुम्हाला उपयोगी पडेल तो भाग हाच. मिस्सेत, म्हणजे कॅथॉलिकांच्या मुख्य उपासनेत, कुठे, कुणी, काय गायचं हे ज्याला कळत नाही, त्याचा गळा कितीही गोड असला तरी या शाळेच्या लेखी तो अर्धाच शिकलेला.

१९६७ सालच्या रोमच्या सूचनेत मिस्सेतल्या गायनाच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. पहिलीत फादरांचं अभिवादन आणि लोकांचं उत्तर, शुभवर्तमानाच्या वेळचा जयघोष, ‘पवित्र, पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना. दुसरीत दयायाचना, ग्लोरिया, ‘देवाच्या कोकरा’. तिसरीत प्रवेशगीत, बायबलमधलं स्तोत्र, अर्पणाचं आणि ख्रिस्तप्रसादाचं गीत. पहिली पायरी एकटी चालते. दुसरी-तिसरी पहिलीशिवाय कधीच नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सगळी तालीम प्रवेशगीतावर आणि ख्रिस्तप्रसादाच्या गीतावर जाते, आणि लोकांची उत्तरं भराभर बोलून उरकली जातात. म्हणून पहिले दोन महिने नवीन गाणं घेऊच नका. फादरांना सोबत घेऊन फक्त पहिली पायरी बसवा. तीन-चार सुरांत मावणाऱ्या ओळी आहेत, अख्खं चर्च त्या उचलतं.

त्यानंतर स्तोत्र. एका सुरावर ओळ म्हणत जायची आणि शेवटच्या चार-पाच अक्षरांवर चाल वळवायची. चूक होते ती इथेच: लॅटिन किंवा इंग्रजी वळण मराठी ओळीला जसंच्या तसं लावलं की ‘च्या’, ‘ने’, ‘ला’ अशा प्रत्ययावर लांब सूर पडतो आणि ऐकणाऱ्याला हसू येतं. आधी ओळ नुसती वाचा, ज्या अक्षरावर बोलताना वजन येतं त्यावर खूण करा, मग वळण तिथून सुरू करा. स्तोत्राला तबला नको. ठेका आला की शब्द त्याच्यामागे फरफटतात.

पट्टी ठरवताना मुख्य गायिकेचा गळा पाहू नका, बाकांवरच्या लोकांचा पाहा. चाल तार सा पर्यंतच जात असेल तर काळी एक ठीक. धैवताच्या वर जात नसेल तर पांढरी चार चालेल. काळी एकमध्ये तार गंधार घेतलात की लोक गप्प होतात, आणि मग ‘लोक गातच नाहीत’ अशी तक्रार वृंदच करतो.

पेटीवर अख्खी चाल वाजवत राहिलं की गाणारे पेटीच्या अर्ध्या मात्रेने मागे राहतात. सुरुवातीचा सूर द्या, पुढे सा-प धरून ठेवा. पेटीशिवाय सूर उतरतो तो बहुधा एकाच सुरावर लांब म्हणताना, कारण श्वास संपत आलेला असतो. अर्ध्या ओळीवर सगळ्यांनी एकत्र श्वास घेण्याची जागा ठरवली की बरंचसं सुटतं. तालमीला तंबोरा ठेवा. मिरज शेजारी असताना चांगल्या तंबोऱ्याला तोटा नाही, आणि जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच ग्रेगोरियनला पहिला मान देऊनही त्या त्या देशाच्या संगीताला उपासनेत जागा द्यायला सांगितलंय. त्यामुळे ओवीची, अभंगाची चाल परकी नाही. शब्द मात्र उपासनेचे हवेत, चालीत बसतात म्हणून मिस्सेचे शब्द बदलायचे नाहीत.

उपासनेच्या कालगणनेची एक वही करा. नाताळआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ यांतल्या रविवारी ग्लोरिया नाही. प्रायश्चित्तकाळात आलेलुयाही नाही, त्या जागी दुसरा जयघोष. प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार आणि त्यातले मोठे सण सोडले तर त्या काळात वाद्यं फक्त गायनाला आधार म्हणून, मधले पेटीचे तुकडे बंद. नवीन वृंदाकडून हमखास चुकतं ते हेच.

तालीम आठवड्याला दीड तास पुरते: दहा मिनिटं सा लावणं, अर्धा तास येत्या रविवारचं स्तोत्र, वीस मिनिटं लोकांची उत्तरं, उरलेल्या वेळात एकच गीत. चार ओळींवरची ग्रेगोरियन लिपी वर्षभराने घ्या. तोवर सारेगममध्ये लिहून काढा, त्यात कमीपणा काही नाही. अकराव्या शतकात अरेझ्झोच्या ग्विदोने उत्-रे-मी हीच युक्ती काढली, आणि तिच्यामुळे दहा वर्षांचं शिक्षण एक-दोन वर्षांत होतं असा त्याचा दावा होता.