व्हरायटीची, म्हणजे गाणी, विनोद, जादू अशा मिश्र कार्यक्रमांची, नाट्यगृहे बंद पडत गेल्यावरही ब्रिटिश विनोदवीर केन डॉड साठ वर्षे कसे टिकले?

माझ्या मते त्याचे मुख्य कारण त्यांचा अभ्यास हे आहे. लिव्हरपूलच्या नॉटी अ‍ॅश भागात 1927 मध्ये कोळसा व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या डॉड यांनी शब्दभ्रमकलेपासून सुरुवात केली आणि 1954 मध्ये नॉटिंगहॅमच्या एम्पायर नाट्यगृहात व्यावसायिक पदार्पण केले. कोणता विनोद कोणत्या गावात रंगला आणि कोठे पडला याची नोंद ते प्रयोगागणिक वहीत करून ठेवत असत. ग्लासगोच्या प्रेक्षकाला हसवणारी गोष्ट दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरील गावात तशीच चालेल असे त्यांनी कधीही गृहीत धरले नाही. ही शिस्त मला त्यांच्या प्रतिभेइतकीच मोलाची वाटते.

1965 मध्ये लंडन पॅलेडियम या नाट्यगृहात त्यांचा प्रयोग 42 आठवडे चालला, आणि त्याच वर्षी ‘टिअर्स’ हे त्यांनी गंभीरपणे गायलेले गीत बीटल्सच्या ऐन भराच्या काळात ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. दूरचित्रवाणीवरही ते दिसत राहिले. परंतु त्यांचे खरे घर रंगमंच हेच होते, आणि मध्यरात्र उलटून गेली तरी न संपणारे त्यांचे प्रयोग पाहण्यासाठी लोक आनंदाने थांबत.

1989 मध्ये करचुकवेगिरीच्या खटल्यातून ज्यूरीने त्यांना निर्दोष मुक्त केले. त्यांना 2017 मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, आणि मार्च 2018 मध्ये निधन होण्याच्या काही महिने आधीपर्यंत ते प्रयोग करीत होते.