वरचा मजला आणि पश्चिमेची बेडरूम: आधी माणसं हलवा, यंत्रं नंतर

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नागपूर, चौथा म्हणजे शेवटचा मजला, टू बीएचके, मोठी बेडरूम पश्चिमेला. तिथला दीड टनाचा एसी संध्याकाळपासून चालू, तरी रात्री एकपर्यंत झोप नाही. दोन मुलं, बीपीचे वडील, आणि प्रश्न असा की दुसरा एसी घ्यावा की फॉल्स सीलिंग करावं. आमचं घर असंच होतं, फक्त मजला पाचवा आणि वडिलांच्या जागी सासूबाई. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी आर्किटेक्ट नाही, बँकेत नोकरी करते. जे लिहिते ते आमच्या घरात चाललेलं आहे, तुमच्याकडे थोडं इकडंतिकडं होऊ शकतं.

पडदे, पन्हं, कांदा वगैरे सोडून देते. नागपूरकरांना ते काय सांगायचं.

माझं मत: यंदा एसीही नको आणि सीलिंगही नको. आधी झोपायची खोली बदला.

आज रात्री दहा वाजता पलंगावर उभं राहा आणि वरच्या स्लॅबला तळहात लावा. मग पश्चिमेच्या भिंतीला लावा. भिंत भाजत नसली तरी अंगात ताप असलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागेल. आता तोच हात लहान बेडरूमच्या पूर्वेच्या भिंतीला लावून बघा. हा फरक कळला की निम्मं काम झालं. तुमचा एसी हवा गार करतोय, पण स्लॅब आणि भिंत मिळून ती तितक्याच चिकाटीने तापवताहेत. नऊ इंची विटांची भिंत दुपारी जे ऊन खाते ते सहा-आठ तासांनी आत सोडते. म्हणजे चार वाजताचं ऊन तुम्हाला रात्री अकरा-बाराला भेटायला येतं.

त्यात एसीचं स्वतःचं गणित वेगळं. दीड टन ही क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, आणि स्टार रेटिंगचा हिशोब २४ ते ४३ अंशांच्या बाहेरच्या तापमानावर बसवलेला आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ ही काही बातमी नसते, २०१३ च्या मे महिन्यात तर पारा ४७.९ वर गेला होता. तुमचं आउटडोअर युनिट त्याच पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगलेलं असणार, तेव्हा ते बिचारं दीड टन कुठून देणार? दुसरा एसी त्याच बाजूला लावलात तर त्याचंही तेच होईल.

आता दिशा. इथे वास्तूवाल्यांनी रागावू नये, पण मोठी बेडरूम नैऋत्येला हा नियम बिल्डर डोळे मिटून पाळतात आणि विदर्भात नेमकी तीच खोली भट्टी होते. उलट दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच घाबरतात. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास, इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो. तो उगवतो पूर्वेच्या थोडा उत्तरेला आणि मावळतो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. म्हणजे नवतपात (मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. मार खाते ती गच्ची, तिच्याखालोखाल पश्चिमेची भिंत. संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

यावरून आम्ही घर असं लावलं. खोलीला हॉल-बेडरूम अशा नावांनी न बघता तासांनी बघायचं. पश्चिमेची मोठी खोली सकाळी सर्वांत बरी असते, कारण तिच्यावर दुपारपर्यंत ऊन येत नाही. तिथे माझ्या मुलीचा अभ्यास, इस्त्री, नवऱ्याचं लॅपटॉपचं काम, सगळं बारापर्यंत. बारा वाजले की खिडक्या बंद, पडदे बंद, दार ओढून घ्यायचं आणि रात्रीपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. पूर्वेची लहान खोली सकाळी तापते, पण रात्री नऊपर्यंत तिची भिंत बरीच निवते. झोपायचं तिथे. दाटीवाटी होते, मान्य. चार माणसं एका खोलीत म्हटल्यावर आमच्याकडेही पहिल्या रात्री नाकं मुरडली गेली. दुसऱ्या दिवशी कुणी परत जायचं नाव काढलं नाही.

दुपारचा प्रश्न उरतो. जुन्या वाड्यांत उन्हाळ्याची दुपार माजघरात जायची, कारण माजघराला बाहेरची भिंत नसायची. फ्लॅटमध्ये माजघर म्हणजे हॉल आणि बेडरूममधला बोळ किंवा हॉलचा आतला कोपरा. सासूबाईंची खाट आम्ही तिथे आणली. जाता-येता पाय लागायचे, पाहुणे आले की चमत्कारिक दिसायचं. दिसू दे. दोन महिन्यांसाठी कुणाला दाखवायचंय?

रिकाम्या झालेल्या पश्चिमेच्या खोलीत सगळी कपाटं त्या तापणाऱ्या भिंतीला उभी करा, भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून. कपडे-गाद्यांनी भरलेलं कपाट ही चांगली आड होते. औषधं, मेणबत्त्या, परफ्यूम मात्र त्या कपाटातून काढा. वडिलांची औषधं तर नक्कीच.

पलंगाबद्दल: फोमची गादी उन्हाळ्यात गुंडाळून ठेवा, कापसाची काढा, आणि शक्य असेल त्यांनी खाली झोपा. गरम हवा वर साठते, जमिनीपाशी फरक कळतो. वडिलांना उठ-बस जड जात असेल तर त्यांना खाटच बरी.

आता कूलर. इथे सासर-माहेरचे वाद होतात म्हणून आधीच सांगते, हे विदर्भ, मराठवाडा, खानदेशासाठी. मुंबई-कोकणवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, तिकडच्या दमट हवेत कूलर म्हणजे नुसता चिकचिकाट. आपल्याकडे बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना कूलरच्या चांगल्या ओल्या ताटीतून (बाजूच्या गवताच्या जाळीतून) येणारी हवा २८ च्या आसपास असते, आणि हे सगळं दोनशे वॉटच्या आगेमागे. दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास खातो. फक्त कूलर खिडकीबाहेर हवा आणि त्याची हवा जायला समोर वाट हवी. समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. आतली हवा बाहेर गेलीच नाही तर तासाभरात भिंती घामेजतात आणि लोक म्हणतात कूलर बेकार आहे. म्हणजे कुठली खोली झोपायची हे ठरवताना कुठून कुठे वारा वाहील हेही बघा.

आणि पंपाचा शॉक. दर उन्हाळ्यात पेपरात कूलरने जीव गेल्याच्या बातम्या येतात. पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग तपासा, घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवा. एसीच्या खर्चापुढे हा काहीच नाही. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून पुसा, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच घरी वाढतील.

आता ज्याने आमचा एक अख्खा उन्हाळा गेला ते सांगते, कारण तुम्ही त्याच वाटेवर दिसता.

लहान खोलीत झोपायचं ठरल्यावर साहजिक वाटलं, एसीही तिकडेच न्यावा. त्यासाठी आउटडोअर युनिट पूर्वेच्या बाजूला लावावं लागणार, आणि पूर्व म्हणजे आमच्या इमारतीची दर्शनी बाजू. म्हणून सोसायटीच्या कार्यालयात रीतसर अर्ज केला. मार्चमध्येच. त्याच अर्जात दुसरी मागणी: आमच्या डोक्यावरच्या गच्चीला स्वखर्चाने चुना मारू द्या. कार्यालय कुठे, तर तळमजल्यावर, जिन्याखाली, उत्तरेला, दारात मोठा कूलर लावलेलं. तिथे बसलेल्या माणसाला पाचव्या मजल्याचा उकाडा समजणार तरी कसा? अर्ज घेतला, शिक्का मारला, "पुढच्या आठवड्यात कळवतो". पुढच्या आठवड्यात "एलिव्हेशन बिघडेल", म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू. त्याच एलिव्हेशनवर दुसऱ्या मजल्याचे दोन एसी आणि एक डिश अँटेना होती, पण ती "जुनी" होती. मग चुन्याबद्दल "वॉटरप्रूफिंगची गॅरंटी जाईल". गॅरंटीचा कागद दाखवा म्हटलं तर तो कुणाकडेच नव्हता. एप्रिलच्या शेवटी अंतिम उत्तर आलं: विषय सर्वसाधारण सभेत ठेवू.

आता गंमत बघा. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि बहुतेक ठिकाणी ती सप्टेंबरातच होते. उन्हाळ्याचा अर्ज, निकाल पावसाळ्यात! आमचा विषय सभेत आला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि पाच मिनिटांत तो मंजूर झाला. कुणाला काही पडलेलंच नव्हतं.

त्या सबबींपेक्षाही महाग पडलं ते "पुढच्या आठवड्यात". पुढच्या आठवड्यात एसी येणार म्हणून कूलर घेतला नाही, कूलर नाही म्हणून लहान खोलीत झोपणं नाही, आणि त्याच भट्टीत एसी १८ वर लावून वीजबिलाच्या पाचशे युनिटच्या वरच्या टप्प्यात जाऊन पोचलो. सरळ "नाही" म्हणाले असते तर आम्ही दुसऱ्या दिवशी कूलर आणला असता. स्पष्ट नकार देणारं कार्यालय परवडलं, गोड बोलणारं नको.

तेव्हा तुमच्या दाराच्या आतलं जे आहे ते आज संध्याकाळी करा. ज्याला कुणाची सही लागते ते पुढच्या उन्हाळ्यासाठी धरा, अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये द्या म्हणजे सभेच्या विषयपत्रिकेत येईल, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. (तुमची संस्था नसून अपार्टमेंट असोसिएशन असेल तर तिचे नियम वेगळे असतात, तिचं डीड (नोंदणीचा दस्त) काढून बघा.) सगळ्या कमिट्या अशा नसतात हेही खरं. माझ्या बहिणीच्या इमारतीत अध्यक्ष स्वतः बादली घेऊन गच्चीवर चुना मारायला येतात.

चुन्याची परवानगी मिळालीच तर: चुना आदल्या रात्री भिजवून गाळून घ्यायचा, त्यात फेविकॉल आणि थोडं पांढरं सिमेंट, गच्ची आधी झाडून धुऊन दोन हात. संध्याकाळी मारा, हातमोजे आणि चष्मा घालून, चुना डोळ्यात गेला तर वाईट. पावसाळ्यात तो बराचसा वाहून जातो, दरवर्षी मारावा लागतो. अहमदाबादच्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे तिथे वस्त्यांमधली छपरं अशीच पांढरी केली गेली, तेव्हा हा काही फक्त आजीबाईचा बटवा नाही. कायमचं हवं असेल तर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर), पण तो खर्च सगळ्यांनी मिळून करायचा. फॉल्स सीलिंगला माझा विरोध याच कारणाने: ऊन स्लॅबच्या वरच अडवता येत असताना ते आत घेऊन मग खाली प्लास्टर ऑफ पॅरिसने झाकायचं कशाला? थोडा फायदा होतो, नाही असं नाही. पैशाच्या मानाने नाही, इतकंच.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ही मांडणी मृग लागेपर्यंतची. जूनमध्ये हवेत ओल आली की कूलरची मजा संपते, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा आणि पश्चिमेची खोली पुन्हा उघडा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की स्लॅब निवते आणि आपापल्या खोल्यांत परत जाता येतं.

वडिलांबद्दल. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात त्याने अंगातलं पाणी कमी होऊ शकतं. गोळ्या स्वतःहून बंद किंवा कमी करू नका, डॉक्टरांना आत्ताच एकदा विचारून घ्या. आणि खोली चाळिशीच्या वर गेली असेल तर त्यांना नुसत्या पंख्याखाली ठेवू नका. तेवढ्या उष्णतेत पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. ओला पंचा मानेवर-हातांवर ठेवून मग पंखा लावला तर उपयोग होतो.

लहान बेडरूमची खिडकी नेमकी कुठे उघडते, तिच्यासमोर दार आहे की भिंत, आणि खिडकीला ग्रिल बाहेर काढलेली आहे का, एवढं लिहा. त्यावरून कूलर स्टँडवर बसेल की ग्रिलवर ते सांगता येईल. ग्रिलवर ठेवायचा विचार असेल तर आधी वेल्डरला दाखवा, भरलेल्या टाकीचं वजन लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं.