‘वाहने मंदावा’ आणि मंदिर

घोडबंदर रोडवरच्या एका वाचकाने विचारलं आहे, ‘आमच्या सोसायटीच्या फाटकावर “येथे वाहने मंदावा” अशी पाटी लागली आहे. हे मराठी बरोबर आहे का?’

नाही. मंदावणे अकर्मक आहे. वेग मंदावतो, भूक मंदावते, दिवा मंदावतो, आपला आपण. हल्ली ‘चालकाने गाडी मंदावली’ हेही सारखं कानावर पडतं आणि दर वेळी खटकतं. स्वयंपाकघरात कोणी ‘गॅस मंदाव’ म्हणतं का? ‘बारीक कर’ म्हणतात. ‘त्याने हात उंचावला’ चालतं, मग हे का नाही, असं एका स्नेह्यांनी मला ऐकवलं. उंचावणे सकर्मक आणि अकर्मक, दोन्हीकडे चालतं, कबूल. पण मंदावणे बसतं ते थंडावणे, रोडावणे, सुस्तावणे यांच्या पंगतीत. ‘मी सरबत थंडावलं’ असं म्हणून दाखवा बरं!

मंद म्हणजे हळू, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खरी गंमत पुढे आहे. संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, धातुपाठात, ‘मदि’, म्हणजे मन्द्, या धातूचे सहा अर्थ दिले आहेत: स्तुती, मोद, मद, स्वप्न (म्हणजे झोप), कांती, गती. मंद याच धातूपासून, आणि याच धातूपासून मंदिर! जिथे स्तुती होते ते मंदिर, असं बरेच शास्त्री सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात मंदिर हा शब्द भवन, आगार यांच्या ओळीत, साध्या घराच्या नावांत येतो. घरात कोण कोणाची स्तुती करत बसतं? तिथे माणूस निजतो, विसावतो. मोनिअर विल्यम्सच्या १८९९च्या संस्कृत-इंग्रजी कोशातही मंदिर म्हणजे थांबण्याची, राहण्याची जागा. शिवाय याच धातूचा मंदुरा हा शब्द पाहा. मंदुरा म्हणजे घोड्यांची पागा. दिवसभर दौडलेलं जनावर जिथे थांबतं ती जागा. तिथे स्तुतीचा काय संबंध? देवाच्या घराला आपला जुना मराठी शब्द देऊळ, देवकुलावरून आलेला.

आणि ‘मन अंदर ते मंदिर’ सांगणाऱ्यांनी तर कृपा करून थांबावं. अंदर हा फारसी शब्द आहे. तो अमरकोशात कुठून शिरणार?

ठाण्यात जांभळी नाक्याच्या गर्दीत लगबगीने चाललेल्या माणसाचं पाऊल कौपीनेश्वराच्या मंदिरापाशी आलं की मंदावतं, हात कपाळाशी जातो. ते पाहिलं की मंदावणे आणि मंदिर यांचं नातं मला पुन्हा नव्याने पटतं.

हां, पाटी राहिलीच. ‘वाहने सावकाश चालवा’ असं लिहून घ्या.