उपासना चालू असताना माईक बंद पडला तर

तुम्ही लिहिलंय की उपदेशाच्या मध्यावर पाळकांचा कॉलर माईक गेला, नंतर पडद्यावरचं गीतही अडकलं, आणि दोघं जण वेदीपाशी वायरी हलवत बसले. मंडळी त्यांच्याकडेच बघत राहिली. यात माईक जाणं हा किरकोळ भाग. उपासना चालू असताना तो दुरुस्त करायला जाणं, हे खरं दुखणं. त्या वेळी फक्त पर्याय वापरायचा. बिघाड शोधणं शेवटच्या आशीर्वादानंतर.

वायरलेस कॉलर माईक हा सगळ्यात बेभरवशाचा. म्हणून पुलपिटवर वायरचा साधा डायनॅमिक हँडमाईक कायम लावून ठेवा. त्याला ना बॅटरी लागते, ना ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (मिक्सरने वायरीतून माईकला दिलेली वीज). मिक्सरवर त्याचा स्वतंत्र चॅनेल असावा, आवाज आधीच जुळवलेला, फक्त म्यूट केलेला. कॉलर गेला की मिक्सरवाल्याने तो म्यूट करायचा, हा उघडायचा आणि पाळकांना ठरलेली खूण करायची. वेदीकडे कुणी जायचं नाही. ही खूण पाळकांसोबत आधी एकदा करून बघा, नाहीतर ऐन वेळी त्यांचं लक्षच जात नाही.

बॅटरीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चार्ज होणारे निकेलचे सेल जवळजवळ शेवटपर्यंत १.२ व्होल्टच्या आसपास राहतात आणि मग एकदम कोसळतात. ट्रान्समीटर (कॉलर माईकची कमरेला लावायची डबी) साध्या अल्कलाइन सेलवर सेट असेल तर त्याच्या बॅटरी दाखवणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका. दर उपासनेला पूर्ण चार्ज केलेले सेल घाला, बस्स.

माईक शिट्टी मारायला लागला की घाबरून मास्टर (सगळा आवाज एकदम कमी करणारी पट्टी) खाली ओढतात आणि उपदेशही गायब होतो. शिट्टी बहुधा एकाच माईकची असते. कुणीतरी जाळी मुठीत धरलेली असते (मागची छिद्रं झाकली की माईक सगळीकडचा आवाज ओढतो) किंवा स्पीकरपुढे आलेलं असतं. तेवढा चॅनेल ३ ते ६ डेसिबल खाली घ्या.

पडदा अडकला तर तो काळा करा. लॅपटॉपवर फाईल शोधणारा माउसचा बाण सगळ्या मंडळीला दाखवण्यात काय अर्थ? गीत चालवणाऱ्याने पुढची ओळ आधी बोलायची, मग सगळ्यांनी गायची. ही काही तडजोड नाही. इंग्लंडच्या संसदेने १६४५ साली मंजूर केलेल्या वेस्टमिन्स्टरच्या उपासना-निर्देशिकेतच, अनेकांना वाचता येत नसेल तिथे स्तोत्र ओळीओळीने आधी वाचून दाखवावं, असं सांगितलंय.

वीज गेली तर ती परत यायच्या आत अॅम्प्लिफायर बंद करा. आली की आधी मिक्सर, सगळ्यात शेवटी अॅम्प. उलटं केलंत तर जो धाडकन आवाज येतो त्यात स्पीकर जाऊ शकतो. डिजिटल मिक्सर चालू व्हायला वेळ घेतो, म्हणून त्याला आणि वायरलेस रिसीव्हरला छोटा यूपीएस द्या.

ऑनलाइन प्रक्षेपण तुटलं तर पाळकांना सांगूच नका. एकाने बघणाऱ्यांना निरोप टाकावा, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू ठेवावं, संध्याकाळी ते चढवावं. आणि कृपा करून वायफायवर चालवू नका, लॅनची वायर टाका. मंडळी भरली की सगळ्यांचे फोन त्याच वायफायवर येतात.

पाळकांनी एवढंच करावं: पुलपिटवरून साउंडवाल्या पोरांना टोमणा मारू नये. स्वयंसेवक पुढच्या रविवारी येत नाहीत ते यामुळेच.

संशय आलेल्या केबलला लगेच गाठ मारून वेगळी ठेवा, म्हणजे ती पुन्हा लावली जाणार नाही.

कॉलर माईक गेला तेव्हा रिसीव्हरवरचा आरएफ दिवा (माईकचा रेडिओ सिग्नल मिळतोय हे दाखवणारा) चालू होता का, हे आठवत असेल तर कळवा. चालू असेल तर आधी म्यूटचं बटण आणि माईकची बारीक वायर बघा. बंद असेल तर बॅटरी, अँटेना नाहीतर फ्रिक्वेन्सी.