‘ओपन-हार्ट’ माणूस नसतो, शस्त्रक्रिया असते

विचारणा अशी: ‘ब्लू-आइड’, ‘लेफ्ट-हँडेड’ यांतला शेवटचा ‘-एड’ भूतकाळाचा का? आणि तो गाळून ‘ओपन-हार्ट माणूस’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘ओपन-हार्ट’ शस्त्रक्रिया असते, माणूस ‘ओपन-हार्टेड’. हा ‘-एड’ गिळणारी मंडळी ऐकून कान किटलेत. आणि त्याला भूतकाळ ठरवणारे मार्गदर्शक तर त्याहून थोर! डोळ्याचं काय काल ‘डोळून’ झालं होतं? हा ‘-एड’ थेट नामाला लागतो. अर्थ, ‘ते असलेला’. म्हणजे आपला बहुव्रीही समास (‘ते ज्याचं आहे असा तो’), आणि इंग्रजी व्याकरणकारांनी ही संज्ञाही संस्कृतातून जशीच्या तशी उचललीय. ‘नीलनयना’ला शेपूट लागत नाही, इंग्रजीला बहुधा लागतं. (‘बेअरफुट’ मात्र जुन्या इंग्रजीपासून बिनशेपटाचाच.) मराठीत हे काम ‘-या’ करतो: काळतोंड्या, लांबनाक्या.

कोलरिजसारख्या कवीलाही हे उमगू नये? 1832 मध्ये तो ‘टॅलेंटेड’वर घसरला. नामापासून धातुसाधित (क्रियापदातून निघणारं विशेषण) करायचं तर मग शिलिंग, फार्दिंग या नाण्यांवरून ‘शिलिंग्ड’, ‘फार्दिंग्ड’ का नको, म्हणे! अहो, ते धातुसाधित नाहीच. हात, डोळे, नाक यांना हा प्रत्यय लागायचा तो बरा चालला.

ते असो. खरी मजा ‘बीटल-ब्राउड’मध्ये आहे: दाट, पुढे आलेल्या भुवयांचा. 14व्या शतकातल्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात हाव माणसाचं रूप घेऊन येते ती याच भुवया आणि जाड ओठ घेऊन. आता भुवईचा आणि ‘बीटल’चा, म्हणजे भुंगेऱ्याचा, संबंध काय? कोणी म्हणतं, हा ‘धारदार’ अर्थाचा जुना शब्द. मी किड्याच्या बाजूचा. काही भुंगेऱ्यांच्या मिशा टोकाशी झुपकेदार असतात, अगदी डोळ्यांपुढे आलेल्या भुवयाच. शिवाय किड्याचं नावच मुळात ‘चावणे’ या धातूवरून आलेलं, म्हणजे ‘चावरा’. तेव्हा धारवाल्यांनी उगाच ताणू नये.

पुढे शेक्सपिअरने कमाल केली. या विशेषणाचं अर्धं पद तोडून त्याने क्रियापदच बनवलं: ‘हॅम्लेट’मध्ये कडा समुद्रावर ‘बीटल’ करतो, भुवईसारखा पुढे झुकतो. क्रियापदातून विशेषण शोधणाऱ्यांनो, इथे विशेषणातून क्रियापद निघालंय, आणि तेही एका किड्याच्या मिशांवरून!