जुनी सॅक्सन भाषा शिकायचीय? आधी एवढंच करा

पहिल्यांदा नकाशा उघडा. ड्रेस्डेनच्या सॅक्सनीत जुने सॅक्सन शोधू नका, मीही तिथेच फसलो होतो. त्यांचा मुलूख वायव्य जर्मनीतला, वेस्टफालियाच्या बाजूचा.

दुसरी चूक म्हणजे जुनी सॅक्सन आणि जुनी इंग्रजी एकच समजणं. या चुलतबहिणी. समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये गेलेल्यांची बोली इंग्रजीत मिसळली, मागे राहिलेल्यांची पुढे लो जर्मन, म्हणजे उत्तर जर्मनीतली बोली झाली.

लगेच 'हेलियांद', म्हणजे येशूच्या जीवनावरचं जुन्या सॅक्सनमधलं महाकाव्य, हातात घेऊ नका, जवळपास सहा हजार ओळी आहेत! त्याऐवजी ख्रिस्ती होताना सॅक्सनांना म्हणावी लागे ती बाप्तिस्म्याची छोटी शपथ वाचायला घ्या: 'एक फोरसाखो', म्हणजे 'मी त्यागतो'. कुणाला? थुनेर, वोडेन, सॅक्सनोट या त्यांच्या स्वतःच्याच जुन्या देवांना. सॅक्सनांना जिंकून बळाने ख्रिस्ती करणाऱ्या फ्रँक राजा शार्लमेनची ७७२ ते ८०४ ची युद्धं शेजारी ठेवून वाचा, त्या दोन शब्दांमागची तलवार दिसेल.

विभक्तीचे तक्ते नंतर. मराठी माणसाला त्यांची कसली भीती!