मध्य प्रदेशचं नर्सिंग रजिस्ट्रेशन असताना नागपुरात नोकरी धरली तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, छिंदवाड्याहून केलं, रजिस्ट्रेशन भोपाळचं, नागपुरात एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी लागतेय आणि एचआरवाले म्हणतात, "आधी जॉइन व्हा, महाराष्ट्राचं सहा महिन्यांत करून घेऊ." चालतं का?

नाही चालत. महाराष्ट्रात काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या, म्हणजे आपल्या एमएनसीच्या नोंदवहीत नाव पाहिजे. 1966 चा कायदा आहे तो. चालवून घेणारी हॉस्पिटलं पुष्कळ आहेत, पण निस्तरावं लागतं ते सही करणारीला.

सहीचा विषय निघाला म्हणून सांगते. 2011 मध्ये मी इथल्याच एका 40 खाटांच्या हॉस्पिटलात नाइटला होते. मजल्यावर आम्ही चौघी. ड्रेस सगळ्यांचा सारखा, पेशंटसाठी सगळ्याच सिस्टर. कौन्सिलचा, म्हणजे परिषदेचा, नोंदणी नंबर फक्त माझा. बाकी तिघी कुठल्यातरी सहा महिन्यांच्या कोर्सवर आलेल्या. असल्या सर्टिफिकेटवर कौन्सिल नोंदणी देत नाही. मुली कष्टाळू होत्या, माझ्यापेक्षा निम्म्या पगारात राबायच्या.

त्या रात्री उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलेली एक आजी होती. ऑर्डर होती, केसीएल, म्हणजे पोटॅशियमचं इंजेक्शन, एक अँप्युल 500 एमएल एनएसमध्ये, म्हणजे सलाइनमध्ये, चार तासांत. मी शेजारच्या बेडवर कॅथेटर घालत होते. मान वर केली तर त्यातली एक पोरगी 10 सीसीची सिरिंज घेऊन आजीच्या व्हेनफ्लॉनचं, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीचं, टोपण उघडत होती. ट्रेमध्ये केसीएलची फोडलेली अँप्युल, आणि एनएसची बाटली तशीच सीलबंद. मी ग्लोव्हजसकट तिचा हात धरला. पातळ न करता ते शिरेत गेलं असतं तर आजीचं हृदय तिथंच थांबलं असतं. पोरगी रडकुंडीला आली, म्हणाली, "ताई, अँटिबायोटिक तर असंच देते ना मी." तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

सकाळी हँडओव्हरला मोठ्या सिस्टरनी फायलींचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. रात्रीच्या औषधांच्या सगळ्या रकान्यांत माझी सही हवी होती, रोजच्यासारखी, कारण नंबर माझा. सात महिने मी त्या सह्या देत आले होते, हेही इथं लिहायलाच पाहिजे. त्या दिवशी म्हटलं, जे मी दिलं त्याच्यापुढंच सही करीन. त्या म्हणाल्या, "काहून एवढा कायदा सांगून राहिली तू? कागदानं कोणी नर्स होते का?"

आठवड्याभरात मी घरी. माझं मूळ रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मात्र बाँडच्या नावाखाली त्यांच्या कपाटात. तीन चकरा झाल्या, रोज नवीन कारण. चौथ्या दिवशी बाबा गेले. कोराडीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले फिटर. सकाळी दहाला डबा घेऊन रिसेप्शनच्या बाकावर बसले. "माह्या पोरीचा कागद द्या, मंग मी उठतो." डबा तिथंच खाल्ला. साडेसहाला लिफाफा हातात पडला. सर्टिफिकेटच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या दोन पिना मारलेल्या होत्या. ती भोकं अजून आहेत.

मोठ्या सिस्टरचा हात माझ्याहून चांगला होता, हे मी मान्य करते. तान्ह्या बाळाची शीर त्यांना पहिल्या प्रयत्नात मिळायची. पण नंबर म्हणजे नुसता कागद नाही. कोणीतरी माझी परीक्षा घेतली आहे, आणि मी चुकले तर मला बोलावून जाब विचारता येतो, नाव काढूनही टाकता येतं. त्या पोरीला कोण विचारणार होतं? तिच्या चुकीचा जाब मलाच द्यावा लागला असता. आणि नर्सिंग होमच्या नोंदणीचा 1949 चा कायदाही पात्र नर्सेसचं योग्य प्रमाण मागतो. हे मोठ्या सिस्टरना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता तुमचं काम. भोपाळच्या कौन्सिलकडं एनओसी (ना हरकत दाखला) आणि व्हेरिफिकेशनसाठी आजच अर्ज टाका, वेळ त्यातच जातो. ते झालं की एमएनसीकडं. जीएनएमला नर्स आणि मिडवाइफ दोन्ही नोंदी लागतात, एक राहून गेली तर नंतर पुन्हा धावपळ. लग्नानं नाव बदललं असेल तर मार्कशीट, आधार आणि रजिस्ट्रेशन एका नावावर आणा. एनयूआयडी, म्हणजे नर्सेसचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक, काढला नसेल तर काढा. पुढं दर 5 वर्षांनी नूतनीकरण असतं, त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे, तास लागतात, तेव्हा पहिल्या वर्षापासून सर्टिफिकेटं जपा. आणि मूळ कागद कोणाला ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

सगळी खाजगी हॉस्पिटलं अशी नसतात. नंबर तपासल्याशिवाय ड्युटीला उभं न करणारी मी इथंच पाहिलीत. 2023 मध्ये नर्सिंगचा नवा केंद्रीय कायदाही झालाय, त्यात राष्ट्रीय नोंदवही आहे, त्यामुळं फॉर्म आणि फी कौन्सिलच्या साइटवर पाहूनच भरा.

तरी एचआरला एक गोष्ट लेखी विचाराच: हे सहा महिने मी दिलेल्या औषधापुढं सही कोणाची राहील? त्या मजल्यावर नंबरवाली एखादी सिस्टर आधीपासून असेल. जॉइन होण्याआधी तिला भेटा, आणि हेच तिलाही विचारा.